वज्रपालसाठी दिलेलं माप
ओल्या कातड्याचा वास आला की मला कळंबचा जुना स्टँड आठवतो. तेव्हा गावाला वज्रपाल नावाच्या डिटेक्टिव्हच्या पुस्तकांचं वेड लागलं होतं. हा पठ्ठ्या पावलांच्या ठशांवरून माणूस हुडकायचा. त्यावरून नसत्या चौकशांना गावात ‘वज्रपाली’ म्हणू लागले, आणि डोकावणारी शेजारीण ‘वज्रपालीण’ झाली. स्टँडवर चपला शिवणारे मामा तर खुद्द वज्रपालच, कारण येरमाळ्याची गाडी आली की हातातली आरी थांबवून ते उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय न्याहाळायचे. मी शाळेत नवी शिक्षिका होते, जीभ जरा सैलच होती. एकदा चपलेचा अंगठा शिवून घेताना विचारलं, “काय वज्रपाल, सापडला का चोर?” मामा म्हणाले, “ह्यो वज्रपाल कोण वो, बाई? समदी मला त्येच म्हणत्यात.” मी हसत सांगितलं, पायावरून हरवलेला माणूस शोधून काढतो. त्यांनी आरी खाली ठेवली. “माझा धाकटा भाऊ निजामावरल्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गेला, त्यो आलाच न्हाय. पायात म्या शिवलेल्या वहाणा हुत्या. आता नजरंनं दिसंना.” मग पेटीच्या तळातून त्यांनी पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं काढलेलं एका पावलाचं माप काढलं. “एवढं त्येंना द्या, बाई.” तो पुस्तकातला माणूस आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, “देते, मामा.” मामा जाऊन किती वर्षं झाली, ते माप अजून माझ्या ट्रंकेत आहे.