दुसऱ्या वसाहतीतल्या सहा मुंग्या

दादा, आईला घेऊन मी कोल्हारहून निघालो तेव्हा तू गाडीच्या खिडकीशी उभा होतास. वडील जाऊन महिना झाला होता. तिला बंगळुरूला न्यायचा हट्ट माझाच. गाडी हलताना ती तुला म्हणाली, "गवार तोडायला आलीय, जून हू दिऊ नको."

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही. गावात 'मुंग्यांचा डॉक्टर' म्हणून चिडवतात, ते फारसं खोटं नाही. त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत एक नवी राणी होती आणि तिच्यापाशी जेमतेम आठ कामकरी मुंग्या. एवढ्यावर वसाहत तगत नाही, म्हणून दुसरीकडचे कोष आणून द्यायचे असतात. कोषातली मुंगी तिथेच जन्मते, तिथलाच वास तिच्या अंगाला लागतो आणि ती घरची होते. मोठी झालेली मुंगी मात्र घालायची नसते. मला घाई झाली होती. सहा परक्या मुंग्या फ्रिजमध्ये गार करून मलूल केल्या आणि आत सोडल्या. जेवून येईपर्यंत सगळ्यांचे तुकडे झाले होते. चिमट्याने उचलून मीच ते टाकले.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना इथे आली. आता ती कन्नडमधून भांडते. आई सत्तरीची. तिला कुणी वाईट बोललं नाही, खरंच सांगतो. लिफ्टमधल्या बायका तिच्याकडे बघून हसायच्या आणि आपसात बोलायला लागायच्या. मग ती खाली जाईनाशी झाली. पुढे जेवणही कमी झालं.

"हितं मला कोनी हाक मारीत न्हाई रं. घरी नेऊन सोड." रोज चहाच्या वेळी हेच. "रुळशील, थोडी कळ काढ," मी म्हणायचो. मुंग्यांच्या बाबतीत असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पाचव्या महिन्यात ती गेली.

तू दर रविवारी फोनवर विचारायचास, करमतंय का तिला. "मस्त रमलीय," असं सांगून मी फोन तिच्या हातात द्यायचं टाळायचो. दहाव्याला तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "तुझ्याकडं सुखात हुती रं म्हातारी, तेवढंच समाधान," म्हणालास. मी मान डोलावली. माझ्यासाठी गावचं घर आता तुझ्या त्या समाधानाएवढंच उरलंय, दादा, आणि ते माझ्या खोट्यावर उभं आहे. त्या दारातून आत यायची माझी छाती होत नाही.