परत आलेल्या मेलची यादी

नीट चाललेली गोष्ट गप चालू द्यायची, हे मला कधी जमलंच नाही. आमच्या कॉलेजच्या मेल सर्व्हरवर एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम होता, माझ्या आधी सर्व्हर सांभाळणाऱ्याने लिहिलेला. कुठली मेल गेली, कुठली परत आली, याची सर्व्हर ओळीओळीने नोंद ठेवतो. ती लॉग फाइल रोज सकाळी वाचून ही स्क्रिप्ट चार पानी अहवाल काढायची आणि ऑफिसात पाठवायची. तीच फाइल ती सात वेळा वाचायची. हे आठवलं तरी माझा पाय टेबलाखाली हलायला लागायचा.

खरं तर ते दिवस कशाला हात लावायचे नव्हते. लॅब टेक्निशियनच्या कोर्सचे प्रवेश चालू होते. निवड झालेल्यांना मेल जायची: पाच दिवसांत येऊन प्रवेश पक्का करा, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्याला जाईल. पण मला धीर कुठला! दोन दुपारी बसून मी स्क्रिप्ट पालटून टाकली. आता ती लॉग एकदाच वाचायची आणि सहा ओळींत उरकायची. किती मेल गेल्या, किती टक्के पोचल्या, सर्व्हर ठीक आहे की नाही. परत आलेल्या मेलचे लांबलचक पत्ते मी काढूनच टाकले. एवढा कचरा वाचतंय कोण? प्राचार्य म्हणाले, "आता कसं, एका नजरेत कळतं." माझी छाती फुगली. तरी चैन नव्हतीच. टक्क्यांत दशांशाची एक जागा दाखवावी की दोन, यावर मी पुढचे दोन दिवस घालवले.

आठवडा झाला असेल. आवक-जावक बघणारे काका माझ्या टेबलाशी आले. देवळाली प्रवऱ्याचे, निवृत्तीला टेकलेले, सगळी नोकरी टपालात गेलेली.

"सर, तुमी लई बेस काम केलं," ते म्हणाले. "आठ दिस झालं, एकबी टपाल परत आलं न्हाई."

"कसलं टपाल, काका?"

"ह्या मशीनचं. आदी रोज यायचं की परत. मी त्यो कागद छापून घ्यायचो, लाल पेनानं खुना करायचो आन् एकेकाला फोन लावायचो. बाबा, तुजं पत्र परत आलंय, दुसरा पत्ता सांग. आता तुमी मशीन दुरुस्त केलं, त्यो तापच गेला."

हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाठवलेलं टपाल परत आलं तर माणूस शोधायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी मात्र यादीच पुसून टाकली होती, आणि त्यांना वाटलं, मेल परत यायच्याच थांबल्या. त्यांच्या तोंडावरचं कौतुक मला बघवेना.

जुनी स्क्रिप्ट मी ठेवलेली होती. तिथल्या तिथे आठवड्याभराच्या लॉगवर चालवली. प्रवेशाच्या तीन मेल परत आलेल्या निघाल्या. अर्जांवरून नंबर काढले. दोघांना मेल उशिरा गेल्या होत्या, त्यांची मुदत शिल्लक होती; काकांनी लगेच फोन लावले, त्यातल्या कोपरगावच्या मुलाला उद्या पहिल्या गाडीने ये म्हणून बजावलं. तिसरी मुलगी पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरची. तिचा इनबॉक्स भरलेला होता, म्हणून मेल परत आली होती. तिची मुदत कालच संपली होती.

मी पळत प्रवेशाच्या खिडकीशी गेलो. तिची जागा सकाळीच दिली गेली होती. प्रतीक्षा यादीतला मुलगा ट्रंक घेऊन होस्टेलवर पोचलासुद्धा होता. प्राचार्यांकडे गेलो, परत खिडकीशी आलो, पुन्हा प्राचार्यांकडे गेलो. चूक माझी आहे, एक जागा वाढवा म्हणालो. ते म्हणाले, "वाढवायचा अधिकार मला नाही. आणि त्या पोराला आता घरी जा म्हणून कोण सांगणार?"

"द्या, मी लावतो फोन," काका म्हणाले. मी नको म्हटलं. व्हरांड्यात तीन चकरा मारल्या, मनात वाक्यं जुळवली, मोडली, आणि नंबर फिरवला. तिनेच उचलला.

"मी कॉलेजमधून बोलतोय. तुमचं नाव पहिल्या यादीत होतं. आम्ही मेल पाठवली होती, पण..."

"माजं नाव लागलं?" ती ओरडलीच. मग फोन बाजूला धरून, "आई! अगं आई, नाव लागलं माजं! मी म्हनत हुते ना?" पलीकडे बायकांचा गलका झाला. कुणीतरी साखर आणायला सांगत होतं.

ती धापा टाकत पुन्हा फोनवर आली. "सर, उद्याच येते. कागदं काय काय आनू?"

मला म्हणावं लागलं, "काही आणू नका."