प्लॅस्टिकमधला नावाडी

आमचे हे दुकानांचे बोर्ड रंगवायचे. अक्षर असं, की लोक रस्ता ओलांडून बघायला यायचे. मग छापील फ्लेक्स आले आणि चार वर्षांपूर्वी ब्रश डब्यात गेले ते गेलेच. हे नुसते बसून राहिले. दाढी नाही, बोलणं नाही. जेवायला हाक मारली तर "हं", तेही दुसऱ्या हाकेला.

त्यांना उठवलं ते पत्त्यांनी. राजा-राणीचे नव्हेत, जादूगार आणि राक्षसांचे. बंद पाकिटातून निघतील ती पानं जमवायची, साठ पानांची आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याशी लढायचं. सासूबाई म्हणाल्या, "पन्नाशीत पोरखेळ!" मीही हसले. पण हे दर रविवारी दाढी करून खेळण्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जायला लागले, तेव्हा मी गप्प बसले.

'आंधळा नावाडी' हे पान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हरत आलेला डाव तो एकटा पलीकडे नेतो म्हणे. त्यांच्याकडे ते एकच होतं. चित्रातलं पाणी मला लांबूनच दाखवायचे, "बघ, एका फटक्यात ओढलंय."

यंदा हे अंतिम फेरीत पोचले. चार वर्षांनी घरात ह्यांची शीळ ऐकू आली. सामन्याच्या आदल्या दुपारी हे झोपलेले असताना मला नावाड्याची झिजलेली कड दिसली. माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. बारा वर्षं गावभरची प्रमाणपत्रं मीच जपून दिलीत, मग घरच्यासाठी एवढंही करू नये? पान मशीनमधून काढलं, कडा गोल कापल्या आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी पान उचललं, वाकवून पाहिलं.

"अगं, जाड झालं हे. पिसताना बोटाला कळणार. असलं पान खेळात चालत नाही."

"मग काढू ना वरचं प्लॅस्टिक!"

ब्लेडनं कोपरा मीच उचलला. प्लॅस्टिकबरोबर चित्रही सोलून आलं आणि माझ्या हातात कोरा पुठ्ठा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर बरं, पण ह्यांनी नुसता चहाचा कप बाजूला सरकवला.

"अहो, त्याच्या जागी एखादं साधं पान घाला, पण उद्या जा." अक्षरशः हातापाया पडले मी. "ऐकताय ना?"

"हं," म्हणाले. दुसऱ्या हाकेला.

सामना सकाळी अकराचा. दहाला हे माझ्या काउंटरसमोर उभे, दाढी न करता. उरलेली एकोणसाठ पानं त्यांनी काचेवर ठेवली.

"हीपण करून दे."

"अहो, मग ही कुठंच खेळता येणार नाहीत! अजून निघालात तर पोचाल."

"नकोच खेळायला. आता नीट राहतील."

मला इतकी भीती वाटली की रडूही येईना.

"मशीन तापायला वेळ लागेल," मी म्हटलं.

"थांबतो," म्हणून ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

सकाळपासून माझी तीन ओळखपत्रं करून झाली होती. मशीन तापल्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता. मी त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहिले.