‘गोधडी माझी हाय’

माझ्या माहेरी त्या गोष्टीला शब्दच नव्हता. ‘जाऊन येते’ एवढंच म्हणायचं, कुठं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. पोट बिघडलं तर आईच्या कानाशी लागून सांगायचं, मग आई ओव्याची चिमूट हातावर ठेवायची आणि विषय संपायचा. आज माझी नात भरल्या ताटावर बसून खुशाल सांगते, ‘आजी, मला सकाळपासून लूज मोशन होतायत.’ मी तिच्यावर खेकसते, ‘अगं, जेवताना काय बोलतेस!’ आणि खेकसून झालं की माझंच मला कसंनुसं होतं. तिचंच बरोबर आहे. मी तिच्यासारखी असते तर पुढचं सगळं रामायण घडलंच नसतं.

लग्न होऊन मी नाशकात आले तेव्हा आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. सासर पंचवटीत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. सासरे आधीच वारलेले. घरात हे, मी आणि सासूबाई. हे एसटीत कारकून, नोकरी कळवणला, त्यामुळे घरी यायचे ते सुट्टीपुरते. बाकी दिवस सासू आणि सून, समोरासमोर.

सासूबाई निफाडकडच्या. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. स्वच्छतेचा तर असा सोस, की विचारू नका! ओटा दिवसातून कितीदा धुवायच्या त्याला गणती नाही. बोळातल्या बायका त्यांना माघारी ‘फिनेलकाकू’ म्हणायच्या. कुणाच्या पोराचं नाक वाहताना दिसलं की त्या पोराच्या आईला भर रस्त्यात सुनवायच्या. ‘रोग काय आभाळातून पडतो व्हय? घाणेरड्यांच्याच घरात शिरतो.’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोळातलं एक घर नसेल की जिथल्या बाईनं ते ऐकून घेतलं नव्हतं. सगळ्याजणी गप्प बसायच्या, पण मनात धरून ठेवायच्या.

त्या वर्षीच, माझ्या पहिल्याच पावसाळ्यात, पूर आला. गंगापूर धरणाचं पाणी सोडणार म्हणून रिक्षावर भोंगा लावून सांगत गेले. आम्ही म्हटलं, दरवर्षीचंच आहे, येईल बोळाच्या तोंडापर्यंत नि जाईल. ते थेट माजघरात आलं. डबे फळीवर चढवले, एक गोधडी, तांब्या-कळशी आणि सासूबाईंचे देव एवढं घेऊन आम्ही चढावरच्या शाळेत गेलो. अख्खा बोळ तिथंच होता. बायका वर्गात, पुरुष व्हरांड्यात.

वर्गात पाय ठेवला आणि कोपऱ्यातून पुटपुट ऐकू आली. ‘सून आली नि मागोमाग पूर आला. पांढऱ्या पायाची दिसतेय गं.’ मला तर धरणी दुभंगली तर बरं असं झालं. सासूबाईंनीही ऐकलं असणार, त्यांचे कान तिखट होते. पण त्या गोधडी अंथरून देवांचं गाठोडं उशाशी ठेवत राहिल्या. मला वाटलं, ह्यांनाही तसंच वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी मदत करणारी मंडळी आली. कॉलेजातली पोरं आणि त्यांच्याबरोबर एक वयस्कर डॉक्टर. त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून दंडात कॉलऱ्याची सुई टोचली. एका उंच मुलाकडे पाण्याचं काम होतं. व्हरांड्यात पिंप ठेवून तो सगळ्यांना बजावत होता, ‘शाळेमागच्या विहिरीत पुराचं पाणी गेलंय. तिथलं थेंबभरही पिऊ नका. ह्या पिंपात औषध टाकलंय, हेच प्या.’

सासूबाईंनी तांब्या नाकाशी नेला. ‘हे पाणी हाय का फिनेल?’ मग त्याच्याकडे बघून, ‘कुठला रे तू?’

त्यानं आपल्या वसाहतीचं नाव सांगितलं. ते नाव ऐकलं की मुलगा बौद्ध आहे हे नाशकात कुणालाही कळायचं. वर्गातल्या दोघी-तिघींनी भरलेले तांबे गुपचूप खिडकीबाहेर ओतले आणि घरून आणलेलं पाणी पुरवून पुरवून प्यायल्या. सासूबाईंनी ओतायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी घेतलंच नाही. मला हळूच म्हणाल्या, ‘जा, मागच्या इहिरीची कळशी भरून आण. नितळ हाय पाणी, मी पाह्यलंय.’

मी गेले. नव्या सुनेला कुठली आली ‘नाही’ म्हणायची सोय! सासूबाईंचा त्या दिवशी उपास होता. त्या नुसत्या चहावर राहिल्या. ते पाणी प्यायले मी एकटीच.

व्हायचं तेच झालं. सकाळी पोटात मुरडा आला. शाळेचे संडास पटांगणाच्या पार टोकाला. तिथं जायचं तर हातात टमरेल घेऊन व्हरांड्यात पसरलेल्या सगळ्या पुरुषांपुढून जायचं. म्हणून बायका अंधार पडेपर्यंत कळ काढायच्या आणि त्यासाठी पाणीच प्यायच्या नाहीत. मला कळ काढवेना. एकदा गेले, दोनदा गेले. पुन्हा निघाले तेव्हा बोळातला एक टवाळ म्हणाला, ‘काय सूनबाई, पटांगण मोजायला घेतलंय का?’ आणि सगळे हसले. मेल्याची जीभ झडली असती तर मी नारळ फोडला असता! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आता मेले तरी ह्यांच्यासमोरून जायचं नाही.

मी गोधडी पांघरून भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाईंनी विचारलं, ‘काय होतंय?’ म्हटलं, ‘डोकं दुखतंय.’ पाण्याला तोंड लावलं नाही. प्यायलं की पुन्हा जावं लागेल, हा माझा हिशोब! दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जीभ टाळ्याला चिकटली, बोलायला गेले तर घशातून आवाजच फुटेना.

तेवढ्यात तो उंच मुलगा दारात येऊन मोठ्यानं विचारू लागला, ‘कुणाला जुलाब, उलट्या होतायत का? लपवू नका. वेळेवर सलाईन लागलं तर माणूस वाचतं, उशीर झाला तर आमच्याही हातात काही राहत नाही.’

‘नाय बाबा, आमच्यात नाय,’ एकजण म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. मी डोळे मिटून पडून राहिले. ओरडून सांगावं, मला होतंय रे, मी मरतेय, असं आतून वाटत होतं. पण वर्गात तीस-चाळीस कान होते, दारात पुरुष होते, आणि मी पांढऱ्या पायाची. पूर मी आणला, आता रोगही मीच आणला म्हणतील. शब्द ओठांशी यायचा नि परत फिरायचा.

आणि तेव्हाच, कुणाला सांगू नये ते झालं. पडल्या जागी, गोधडीत.

वास सुटायला कितीसा वेळ लागतो! एकीनं पदर नाकाला लावला. ‘कुणाचं पोर गं?’ दुसरी वाकून बघायला लागली. मुलगाही आत आला. सासूबाईंनी गोधडीखाली हात घातला आणि तो ओला होऊन बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गच्च डोळे मिटले. पोरांच्या शेंबडावरून रस्ता डोक्यावर घेणारी ही बाई आता माझं काय करील?

‘बोंबलू नका,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गोधडी माझी हाय. सकाळधरनं मला हगवण लागलीय. मीच खराब केली.’

 मग कोपऱ्यातून एकीला हसू फुटलं, तिचं बघून दुसरीला. ‘अगं बया! फिनेलकाकू?’ व्हरांड्यापर्यंत बातमी गेली आणि तिथंही खसखस पिकली.

मुलानं सासूबाईंची नाडी पाहिली. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मावशी, तुमची नाडी तर...’

‘तुला रे काय कळतंय नाडीतलं?’ त्या एकदम कडाडल्या. ‘मला दवाखान्यात ने. आणि माझी सून येईल संगं. आजारी माणसाला सोबत नको?’

त्यांचा हात सोडून तो म्हणाला, ‘हो मावशी. त्यांना घेऊनच चला.’

सासूबाईंनी ती घाण गोधडी आम्हा दोघींच्या अंगाभोवती लपेटली, माझ्या कमरेत हात घालून मला उभं केलं आणि स्वतःचं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. बघणाऱ्याला वाटावं, सासूच सुनेच्या आधारानं चालली आहे. खरं तर माझे पाय धड जमिनीला टेकतही नव्हते. व्हरांड्यातून जाताना त्या मुद्दाम कण्हत होत्या. ज्या टवाळानं मला हटकलं होतं, त्यानं नाक दाबून तोंड फिरवलं. त्याला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही, एवढंच माझ्या मनात आलं. सुटले! ह्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला आजही वाटते.

मदतवाल्यांच्या जीपमध्ये बसल्याबरोबर सासूबाई ताठ झाल्या. ‘मला काय बघतोस? हिला बघ. लवकर कर.’

दवाखान्यात मला एकामागून एक सलाईन लावलं. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, ‘आणखी थोडा वेळ पडून राहिली असती तर हाती लागली नसती.’ मी शुद्धीवर येत-जात होते. एकदा डोळे उघडले तर तो मुलगा मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभा होता. सासूबाईंनी विचारलं, ‘कुठलं पाणी?’ तो म्हणाला, ‘पिंपातलंच. वास येईल थोडा.’ ‘येऊ दे,’ म्हणत त्यांनी पेला त्याच्या हातातून घेतला, आधी स्वतः घोट घेतला आणि मग माझ्या ओठांना लावला.

तो गेल्यावर मात्र त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. ‘तोंड दिलंय ना देवानं? मरायला टेकली तरी म्हणती, डोकं दुखतंय! लाज काय चितेवर संगं नेणार व्हतीस?’ मी रडायला लागले. मग त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘इहिरीचं पाणी मीच पाजलं तुला.’ एवढंच. नंतर कधी तो विषय काढला नाही. निजायच्या आधी एक गोष्ट बजावली, ‘हे कुणाला बोलायचं नाय. माझ्या लेकालाबी नाय. तुला ह्या बोळात लय वर्षं काढायचीत. माझी तर संपत आली.’

मी ऐकलं. सुनेनं सासूचं ऐकावंच, नाही का! किती सोयीचं होतं ते!

पूर ओसरला, घरं धुऊन झाली आणि फिनेलकाकूंच्या गोधडीकाकू झाल्या. नळावर, दळणाला, हळदीकुंकवाला, सगळीकडे तीच गोष्ट. पोरं भिंतीआडून ‘गोधडी, गोधडी’ ओरडून पळायची. सासूबाईंनी बोळात कुणाला सुनवायचं म्हणून तोंड उघडलं की समोरची पटकन म्हणायची, ‘राहू द्या काकू, आम्ही पाह्यलीय तुमची स्वच्छता.’ हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. ज्या बाईचा आवाज बोळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ती खाली मान घालून ओटा धुवायची. पावसाळा आला की तेवढ्या नगरपालिकेच्या दवाखान्यातून पाण्यात टाकायची पावडर आणायच्या आणि कुणी मागितली तर न बोलता द्यायच्या.

घरातही सुटका नव्हती. सुट्टीवर आले की हेसुद्धा चेष्टा करायचे, ‘काय आई, गोधडी वाळली का?’ सासूबाई हसून सोडून द्यायच्या आणि हे जेवायला बसायचे. मी चुलीपुढे भाकरी थापत असायचे, कान तापलेले, मान खाली. एकदा तरी म्हणायचं होतं, ‘अहो, ती मी होते.’ म्हटलं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली. खरं सांगू? मला ते तसंच चालू राहिलेलं बरं वाटत होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा सासूबाई गेल्या. झोपेत गेल्या, कुणाला काही करायला लावलं नाही. तेराव्याला बोळ जमला. जेवणं झाल्यावर बायका पान लावत बसल्या आणि मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं मायेनं बोलायला लागल्या. ‘स्वच्छ लय होत्या हो काकू.’ ‘होत्या ना. पण नशीब बघा, त्या पुरात शाळेत काय झालं त्यांचं.’ आणि गोष्ट पुन्हा सुरू झाली, गोधडी, वास, सगळं. कुणी वाईट मनानं नव्हतं सांगत. माझी लेक ऐकत होती आणि तीही तोंडावर हात घेऊन हसत होती.

माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, ‘सासूबाईंना काही झालं नव्हतं. हगवण मला लागली होती. गोधडी मी खराब केली. त्यांनी आपल्या अंगावर घेतलं.’

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी चारचौघांत उच्चारला.  मग कोपऱ्यातल्या म्हातारीनं, जिनं मला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं तिनंच, डोळ्याला पदर लावला.

‘बघा गं पोरींनो,’ ती म्हणाली. ‘सून असावी तर अशी. सासू गेली तरी तिची लाज राखतेय.’

‘नाही हो, खरंच सांगतेय. मीच होते.’

‘हो गं बाई, हो,’ म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. शेजारी हे उभे होते, त्यांचेही डोळे भरून आले होते. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एकजण म्हणाली, ‘हिला पाणी द्या गं कुणी.’