फ्लेक्सवरच्या काकू

परंड्यात बसस्टँडसमोर मामांचं फ्लेक्सचं दुकान आहे. शाळेचं काही छापायला मी गेलो की ते कुठल्या तरी ‘भाई’च्या फोटोला गॉगल चढवत असतात. बोलण्याआधी चष्मा पुसायचा, ही त्यांची सवय.

गावातली दोन टोळकी एकमेकांचे वाढदिवसाचे फ्लेक्स फाडायची आणि त्यावरून डोकी फुटायची. मी पोरांना नावं ठेवली की ते चष्मा पुसून म्हणायचे, “सर, घरात, शाळंत कुणी त्यांचं नाव नीट घेत न्हाय. मग ती दहा फुटांचं करून चौकात लावत्यात.”

यंदा त्यांनी नियम केला. शुभेच्छुकांत पहिला फोटो पोराच्या आईचा, नाहीतर फ्लेक्स मिळणार नाही. पोरं कुरकुरली, पण फोटो घेऊन आली.

काल वाऱ्यानं एक फ्लेक्स सुटून लोंबकळत होता. विरुद्ध टोळक्यातला सगळ्यात तापट पोरगा तो गुंडाळून दुकानात घेऊन आला.

“मामा, नीट बांधा की. काकू गटारीत पडल्या असत्या.”

हा दोन वर्षं माझ्या वर्गात होता. मी त्याला नावानं हाक मारली, तर दचकलाच.