अंबीच्या गोष्टीतून मी काय गाळलं

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती गेली. तुम्हाला सांगतो, कारण लहानपणी तुम्ही माझं एखादं पुस्तक वाचलं असेल — निदान 'अधाशी अंबी' तरी. कुठेही जा, कुणीतरी हात धरून म्हणतो, अंबीनं आम्हाला काय हसवलंय हो! मी दात काढतो. दुसरं काय करणार?

शंभरावर पुस्तकं लिहिली मी. मुलांचं मन ओळखणारा लेखक म्हणतात मला. अहो, कसलं मन! माझी एक साधी युक्ती होती. लढाईच्या दिवसांत मी कशेळ्याजवळच्या एका गावात चौथीला शिकवत होतो. शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला मी पोरांना नवी गोष्ट वाचून दाखवायचो. हसली ते ठेवायचं, गप्प झाली ते गाळायचं, आणि मग मुंबईच्या मासिकाला पाठवायचं. एकही गोष्ट परत आली नाही.

वर्गात गोदी होती. हुशार — खरंच हुशार, पाढे घडाघडा म्हणायची. रेशनचे दिवस ते. मधल्या सुट्टीत पोरं भाकरी खायची आणि ही उरलेले तुकडे मागून परकराच्या ओच्यात भरायची. मी एकदा विचारलं होतं तिला. म्हणाली, आय हिवतापानं पडलीय, तिला नेते. म्हणजे मला ठाऊक होतं. हे नीट ऐका — मला ठाऊक होतं.

तरी गोष्ट लिहिली. गोदीची अंबी केली, ओचा तोच ठेवला. पहिल्या खेपेला शेवट खरा होता : अंबी घरी जाते आणि तुकडे आजारी आईपुढे ठेवते. मी वाचलं आणि वर्ग चिडीचूप झाला. एका पोरानं बाहीला नाक पुसलं. मला काय वाटलं असेल? वाटलं, गोष्ट पडली. मी आई गाळून टाकली. पुढच्या शनिवारी अंबी घरी पोचतच नाही. वाटेतच सगळं एकटी गिळते आणि ढेकर देत ओढ्यात पडते. पोरं हसून लोळली. गोदी मान खाली घालून बसली होती, तेही मला दिसत होतं.

सोमवारपासून तिचं नावच अंबी पडलं. थोड्याच दिवसांत ती शाळेत यायची थांबली.

मग तिची आई आली. ताप उतरला होता, पण दाराची चौकट धरूनच उभी राहिली. ही आता भांडणार म्हणून मी आवाज चढवायच्या तयारीत होतो. ती हळूच म्हणाली, "गुर्जी, पोर माज्यापायी मागत व्हती. तेवढं वर्गात एकदा सांगा. तुमी सांगितलंत तर पोरं आयकतील. नायतर ती काय शाळंत येत नाय."

मी म्हणालो, "सांगतो. शनिवारी पाठवा तिला."

शनिवारी गोदी आली. धुतलेला परकर, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. पुढेच बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. काय अवघड होतं? एक वाक्य! पण ते बोलायचं म्हणजे खरं काय ते ठाऊक असून आई मीच गाळली हे पोरांपुढे कबूल करणं आलं. आणि — आता खोटं कशाला बोलू? — मासिकानं अंबीची दुसरी गोष्ट मागितली होती, ती लिहून माझ्या खिशात तयार होती. पोरं ओरडायला लागली, गुर्जी, अंबी, अंबी! मला ते गोड लागलं हो. मी कागद काढले. त्या गोष्टीत अंबी देवाचा नैवेद्य पळवते.

गोदीनं सगळी गोष्ट ऐकली. मला वाटतं, झाल्यावर तरी सांगतील म्हणून थांबली असेल. घंटा झाली, पोरं पळाली, ती बसूनच राहिली.

"गुर्जी, तुमी सांगनार व्हता ना?"

मी कागदांच्या घड्या घालत होतो. वर न बघता म्हणालो, "घंटा झाली ना? जा आता घरी."

ती गेली. तिची चौथी कधी झालीच नाही. पुढचे कितीतरी शनिवार तिची जागा मला समोर मोकळी दिसायची, आणि मी अंबी वाचत राहिलो.