देवजीकाकांचे कान

मी खोटं बोललो होतो, हे आधी सांगून टाकतो. त्याशिवाय देवजीकाकांबद्दल लिहायचा मला हक्क नाही.

काका तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातले, भात-नागली पिकवणारे. पाड्यामागच्या गुहेत ते हौशी लोकांना नेत. ना पायऱ्या, ना दिवे, सरपटतच शिरायचं. सहा वर्षांपूर्वी डहाणूहून आम्ही पाच मित्र गेलो, पाचही नवखे. गुहेच्या तोंडाशीच काकांनी बजावलं, "मागं फिरायचा तं मला सांगा. मी 'हां' म्हटल्याबिगर हलू नका." आत त्यांनी शिकवलं, आधी हातानं बघायचं, मग पाय टाकायचा, वटवाघळांवर बॅटरी मारायची नाही. एका दालनात सगळ्या बॅटऱ्या विझवायला लावल्या. तसा काळोख, तशी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती... आजही घरातली वीज गेली की मी हातानं बघत निवांत चालतो. ही त्यांची देणगी.

पुढे चिंचोळी फट आली. मी शेवटचा होतो. छाती अडकली, भ्यालो, आणि मित्र हसतील म्हणून गुपचूप मागे फिरून बाहेर सावलीत बसलो. आत एक माणूस कमी भरला. चौघांना एका जागी बसवून काका एकेका फटीत शिरून मला शोधत राहिले. शोधत शोधत बाहेर आले तेव्हा त्यांची दोन्ही कोपरं सोलली होती. मला पाहून हसलेच. "अरे देवा, हा इथं बसलाय!"

"काका, मी ओरडून सांगितलं होतं की."

त्यांनी हातानं कान चोळला. "असंल. मला नाय ऐकू आला."

चौघांना बाहेर आणल्यावर काकांनी त्यांनाही तेच सांगितलं, की हाक आपल्याला ऐकू आली नाही. "काका, आता कानाला मशीन लावा," मित्र म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि वर त्यांच्या घरची भाकरी खाऊन आलो.

गेल्या महिन्यात काका गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी जमनाकाकी ओट्यावर बसल्या होत्या.

"तुमच्यानंतर कोणाला नेला नाय त्यानं," त्या म्हणाल्या. "घरात उंदीर हलला तरी जागा व्हायचा. पण म्हणं, गुहेत मला ऐकू येत नाय, एखादा माणूस आत राहील माझ्यापायी. जीव होता हो त्याचा त्या गुहेवर."

माझ्यासाठी अंधारात फटीफटीत शिरलेला माणूस. मी त्याचा स्वतःच्या कानांवरचा भरवसाच काढून घेतला होता.

"काकी," मी म्हणालो, "त्यांचे कान चांगले होते. मी हाक मारलीच नव्हती. मी भ्यालो होतो आणि दोष त्यांच्यावर ढकलला. मला माफ करा."